अंगणातली टाकी

४ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

पाकीट बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन न करता लिहितेय, कारण फोन दुकानात आहे आणि दुकानात तुझा दादा आहे. दुपारी वाचनालयात कुणी फिरकत नाही, तेव्हा पुस्तकांवर शिक्के मारता मारता लिहिते. उत्तरही वाचनालयाच्याच पत्त्यावर पाठव. नवऱ्याची नजर चुकवून त्याच्याच बहिणीला पत्र लिहायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं.

झालंय असं. आपल्या तळघरात टेलरमास्तर राहतात, म्हणजे राहतात दुसरीकडे, शिवायला येतात आपल्याकडे. गेले काही आठवडे त्यांचं डोकं दुखतं. आधी मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग म्हणाले, "वहिनी, दुपारनंतर सुईत दोरा ओवताना दोन-दोन सुया दिसतात. बाहेर चहाला गेलो की बरं वाटतं." मी खाली जाऊन बघितलं. कोपऱ्यातल्या पाणी जायच्या जाळीवर बादली ओतली आणि असा भपकारा आला की मी दोन पावलं मागे सरले. पेट्रोल. शंकाच नको.

तुझा दादा म्हणतो, सायकलींच्या चेन रॉकेलने धुतो, त्याचा वास असेल. अगं, तो चेन धुतोय ती माझं लग्न झाल्यापासून. तेव्हा वास आला नाही, तो आत्ता कुठून यायला लागला?

मला त्या टाकीचा संशय आहे. बाबांचा पेट्रोलपंप मी या घरात येण्याआधीच बंद झालेला, त्यामुळे दुकानाच्या पुढ्यात अंगणाखाली त्यांची जुनी टाकी पुरलेली आहे, एवढंच मला ऐकून माहीत. पण तिचा विषय काढला की तुझा दादा उठून चालू लागतो. परवा तर हातातला घास ताटात ठेवून उठला.

तू गावोगावची माती खणून तिच्यात तेल उतरलंय का ते तपासतेस. घरात तुला ढेकूळ म्हणून सगळ्यांनी चिडवलं, आता त्या ढेकळाशीच गाठ पडली बघ. सोबत तळघराच्या भिंतीलगतची मूठभर माती पिशवीत घालून पाठवतेय. काय ते खरं सांग.

तुझी,
वहिनी


९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझी माती मिळाली. तिच्यातलं पेट्रोल मात्र पोस्टमननेच हुंगून संपवलं असणार. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्याची वाफ अशी निघून जाते, जसा कापडातून उदबत्तीचा धूर. मशीनवर लावून काही उपयोग नाही. रागावू नकोस, आमच्याकडे नवीन लागलेली पोरंसुद्धा हेच करतात.

आता सांगते तसं कर. रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्या घे, धातूच्या झाकणाच्या, उकळून कोरड्या केलेल्या. हाताचं कोपर बुडेल इतकं खोल खण, वरवरची माती नको. दुकानातलं एकही हत्यार वापरू नकोस, त्यांना तेल लागलेलं असतं. माती दाबून काठोकाठ भर, वर हवेला जागाच ठेवू नकोस, कारण जी जागा ठेवशील तिच्यात वाफ जाऊन बसते. कडा पुसून झाकण घट्ट लाव आणि बाटली लगेच बर्फात. सकाळच्या बसचा ड्रायव्हर माझ्या ओळखीचा आहे, त्याच्याकडे डबा दे, संध्याकाळी मी स्टँडवर उभी राहीन.

तीन जागा. एक, तळघराच्या भिंतीला लागून बाहेरच्या बाजूने. दोन, टाकीच्या शेजारी. तीन, मागे कपडे वाळत घालतो तिथली. तिथे काहीच नसणार, पण शुद्ध माती कशी दिसते ते कळल्याशिवाय खराब किती खराब ते कळत नाही.

पण याच्याही आधी एक काम. मास्तरांची इस्त्री तळघरातून वर आण. आजच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते, पाण्यासारखी भरत जाते. डोळ्यांना काही दिसत नाही. खिडक्या रात्रंदिवस उघड्या राहू देत आणि खाली कुणी काडी ओढायची नाही.

टाकीचं मला एवढंच ठाऊक की पंप बंद केला तेव्हा बाबा दवाखान्यात होते आणि दादाने ती रिकामी करून, धुऊन, वाळूने भरून घेतली. मी तेव्हा शाळेत होते. वाळू भरलेली टाकी कुणाला त्रास देत नाही. दादाच्या डोक्यात दुसरंच काहीतरी असेल. तो पहिल्यापासूनच बाबांच्या कुठल्याही गोष्टीवर बोलत नाही.

तुझी,
धाकटी


१५ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

हे पत्र आणि बर्फाचा डबा दोन्ही एकदमच तुझ्या हातात पडतील. डब्यात बाटल्या दोनच आहेत. का, ते सांगते.

मागच्या अंगणातली माती छान निघाली, पिवळी, चिकट. तळघराच्या भिंतीलगत मात्र खणताना मला वाटलं आपण कुठल्या भलत्याच गावात आलो. वर पिवळी, खाली राखाडी, मधूनच निळसर डाग, आणि वास असा की डोळ्यांतून पाणी. आणि एक, तिथे चिकणमाती संपून मध्येच वाळू लागली. वाळू कुठून आली म्हणून मी बघत बसले. मग आठवलं, गेल्या वर्षी रस्त्यापलीकडून सांडपाण्याचा नवा पाइप टाकला, तो भिंतीजवळूनच गेलाय. त्यांनीच पाइपाभोवती घातली असणार.

मग मी दुकानापुढे टाकीपाशी गेले. तुझा दादा माल आणायला गेलेला होता. फावडं टेकवलं आणि मागून आवाज आला, "तिथे नको." ओरडला नाही. ओरडला असता तर मी भांडले असते. त्याने फावडं माझ्या हातातून घेतलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. मी म्हटलं, "अहो, एक बाटली माती घेतेय, सोनं नाही." तर म्हणाला, "तिला लिहिलंस ना? आता ती सगळ्या दुनियेला सांगेल." आणि दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. गिऱ्हाईक आलं तरी उठला नाही. तेव्हा दोन नंबरची बाटली रिकामीच राहिली.

मास्तरांचं म्हणशील तर शाळेच्या गणवेशाचं काम अंगावर आहे. "इस्त्रीशिवाय शिंपी म्हणजे दात नसलेला म्हातारा," म्हणाले. एक दिवस त्यांनी इस्त्री जिन्याच्या वर ठेवली, आज सकाळी बघते तर पुन्हा खाली. त्यांना काय बोलणार, चढउतार करून त्यांचे गुडघे गेलेत.

मला आता वासापेक्षा तुझ्या दादाची जास्त भीती वाटते. त्या टाकीत काय आहे?

वहिनी


१९ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र ड्रायव्हरच्या हाती देतेय, तो थेट वाचनालयात येईल. वाचून झालं की उठ आणि घरी जा, शिक्के मारत बसू नकोस.

मागची बाटली स्वच्छ आहे. भिंतीजवळच्या मातीचा आलेख मशीनमधून बाहेर आला तेव्हा मी तो दोनदा लावून बघितला. ते ताजं पेट्रोल आहे. जुनं पेट्रोल जमिनीत पडून राहिलं की त्यातला हलका भाग वर्षागणिक उडून जातो, मागे जड, मेलेला भाग उरतो. झाकण उघडं राहिलेल्या अत्तरासारखं. तुझ्या बाटलीतल्या पेट्रोलमधलं काहीच उडालेलं नाही. ते परवा-तेरवापर्यंत कुणाच्या तरी टाकीत होतं. बाबांची टाकी बंद होऊन मी शाळेतून कॉलेजात गेले, नोकरीला लागले. हे बाबांचं नव्हे.

आणि तू त्या वाळूचं लिहिलंस. चिकणमातीतून पेट्रोल मुंगीच्या पावलांनी जातं, वाळूतून धावतं. रस्त्यापलीकडे कोण आहे? दादाचा मित्र, पंपशेठ, आणि त्याचा पेट्रोलपंप. त्याच्याकडून पाइप निघतो आणि आपल्या भिंतीशी येतो. त्याच्या टाकीला भोक आहे असं मी सिद्ध करू शकत नाही, पण दुसरं काही मला सुचत नाही.

काल मी दुकानात फोन केला. दादाने घेतला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "सगळं ठीक आहे, ढेकळा, तू तुझं बघ," आणि ठेवला. मग मी तुमच्या अग्निशमन दलाला फोन केला. त्यांचा माणूस येऊन गेला म्हणे. दादाने त्याला सांगितलं की रॉकेलचा डबा सांडला होता. वहिनी, त्याला वेड लागलंय का?

तू आज एवढं कर. मास्तरांना वर आण, हाताला धरून आण. खालच्या एकाही बटणाला हात लावू नका, बंद करायलाही नाही, बटण दाबताना आत ठिणगी उडते. वरच्या मीटरपाशी तळघराचा फ्यूज काढून घे. दार बंद कर, खिडक्या उघड्या ठेव. शनिवारी मी येतेय, वाफ मोजायचं यंत्र घेऊन.

धाकटी


२० फेब्रुवारी

धाकटे,

ड्रायव्हर उभा आहे, पण म्हणाला, "लिहा सावकाश, बस माझ्याशिवाय जात नाही."

फ्यूज काढला. खाली अंधार झाला तेव्हा मास्तर इस्त्रीचं बटण खालीवर करून बघत होते. मी जिन्यावरून इतक्या जोरात नाही म्हणाले की त्यांनी हात पोळल्यासारखा मागे घेतला. वीज गेलेली होती म्हणून बरं. मग माझं-त्यांचं चांगलंच वाजलं. "मला बाहेर काढायचं असेल तर सरळ सांगा, वासाची सबब कशाला?" इतकी वर्षं कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. मी सरळ त्यांचं शिवणयंत्र उचलायला गेले, ते मला हलेना, तेव्हा त्यांनीच दुसरी बाजू धरली. आता आमच्या झोपायच्या खोलीत गणवेश शिवले जातायत आणि आम्ही बाहेरच्या खोलीत झोपतो.

तुझा दादा हे सगळं उभा राहून बघत होता. दुपारी दुकान बंद करून आत आला, तुझं पत्र मी त्याच्यापुढे ठेवलं. वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. मग बोलायला लागला.

बाबा दवाखान्यात होते तेव्हा त्यांनी याला सांगितलं होतं की टाकीतलं सगळं उपसून काढ, धू, आणि तळापासून वाळू भर. याने उपसायला माणसं बोलावली नाहीत. तळाशी किती राहिलंय हे न बघता वरून वाळू ओतली, तोंडाशी दिसेपर्यंत, आणि झाकणावर सिमेंट लावलं. मित्रांबरोबर कुठेतरी जायचं होतं, घाई होती. बाबांनी विचारलं, "झालं का?" हा म्हणाला, "झालं." बाबा त्यानंतर घरी आलेच नाहीत.

"म्हणजे इतकी वर्षं ते खाली आहे," तो मला म्हणाला, "आणि मास्तरांचं डोकं मी दुखवतोय." मी म्हटलं, धाकटी लिहितेय ना की हे ताजं आहे. त्यावर हसला. "ती माझी बहीण आहे. माझ्या मनाला लागू नये म्हणून लिहिलंय तिने. टाकीजवळची माती तिने बघितलीय कुठे?"

तेव्हा ये. यंत्र आण, जमिनीला भोक पाडायचं गिरमिट आण, काय हवं ते आण. पण त्याच्याशी जपून बोल. तो तुझ्यासमोर उभं राहायला घाबरतोय.

वहिनी


२८ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

सुखरूप पोहोचले, पण निकाल हातात येईपर्यंत लिहायचं थांबले होते. निघताना तू जेवणाच्या तयारीत होतीस आणि दादा स्टँडवर सोडायला आला, त्यामुळे तुझ्याशी धड बोलता आलं नाही. म्हणून सविस्तर लिहितेय.

तळघराच्या जिन्यावर यंत्राची नळी खाली सोडली आणि ते कर्कश ओरडायला लागलं, ते तू ऐकलंसच. मी तुला तेव्हा म्हटलं, "थोडं जास्त आहे." थोडं नव्हतं. त्या दिवशी मास्तर इस्त्रीचं बटण दाबत होते तेव्हा वीज असती तर आज मी हे पत्र कुणाला लिहिलं असतं माहीत नाही. म्हणूनच मी तशीच धावत अग्निशमन दलाकडे गेले. आता त्यांनी पंखा लावून दिलाय तो बंद करू नका.

तू मास्तरांसाठी चहा करत होतीस तेव्हा दादा आणि मी टाकीपाशी होतो. गिरमिट मी आणलं होतं, पण फिरवलं त्याने. मला हात लावू दिला नाही. पहिली माती वर आली तेव्हा त्याने डोळे मिटले होते. मी म्हटलं, "दादा, बघ तरी." त्याने बघितलं. काळपट, वास जुना, तेलकट. म्हणाला, "झालं ना तुझं समाधान?" मी बाटली भरली. मग आम्ही पाइपाच्या बाजूने रस्त्याकडे सरकत गेलो. दर काही पावलांवर एक भोक. जसजसे पंपाकडे गेलो तसतसा वास वाढत गेला, आणि शेवटच्या भोकात तर गिरमिटावरून थेंब ठिबकले. दादाने बोट लावून हुंगलं. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. सुटका झाल्यासारखा नव्हता. घाबरला होता.

तेवढ्यात पंपशेठ रस्ता ओलांडून आला. हसत हसत. "काय, विहीर खणताय?" काय चाललंय ते मीच सांगितलं. त्याचं हसणं तसंच राहिलं, आवाज मात्र खाली आला. दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझ्या अंगणात टाकी आहे हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. माझ्याकडे बोट दाखवलंस तर आधी तुझं अंगण उघडतील. काय भरलंयस तिच्यात ते तुला माहीत, मला माहीत. मी होतो ना तेव्हा." वहिनी, घाईघाईने ज्या मित्रांबरोबर जायचं होतं, त्यांतला एक हाच.

आता निकाल. बाबांच्या टाकीजवळचं पेट्रोल जुनं, मेलेलं आहे. थोडं आहे आणि चिकणमातीत जागच्या जागी बसलंय, तळघरापर्यंत आलेलंच नाही. पाइपालगतचं सगळं ताजं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आलेखावर आंधळ्यालाही कळतील. पण मी बहीण पडले, त्यामुळे माझ्या आकड्यांना बाहेर कवडीची किंमत नाही. आमच्या साहेबांनी तोंडावर सांगितलं. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन माती घ्यायला हवी, आणि त्यासाठी घरमालकाने अर्ज द्यायला हवा. ते आले की पहिलं फावडं आपल्याच अंगणात पडणार.

आणखी एक. तो पाइप आपल्यापाशी थांबत नाही. दोन घरं सोडून पाळणाघर आहे, त्याच्या न्हाणीखालून जातो. मी अग्निशमन दलाला कळवलंय, पण ते म्हणाले वास तुमच्या टाकीचा, तुमची टाकी साफ करा. सगळ्यांना टाकी सोयीची आहे. पंप चालू आहे आणि वाळू वाहतेय.

मी दादाला स्टँडवर एवढंच म्हटलं, "अर्ज तुझ्या हातात आहे." त्याने माझी बॅग वर चढवली आणि बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला. हो म्हणाला नाही.

तुझी,
धाकटी


६ मार्च

प्रिय धाकटे,

तुझा भाऊ काय करतोय सांगू? रोज संध्याकाळी दुकान लवकर बंद करतो आणि रस्ता ओलांडून पंपावर जाऊन बसतो. त्या माणसाबरोबर चहा पितो. मी खिडकीतून बघते. कधी तो शेठ हात नाचवून बोलत असतो, कधी दोघं नुसते बसलेले. घरी येऊन जेवतो, झोपतो. अर्जाचं विचारलं की "बघतो".

काल मी विचारायचं सोडलं. पाळणाघरात गेले. तिथल्या बाईंना सगळं सांगितलं, न्हाणीतलं झाकण उचलून त्यांना हुंगायला लावलं. त्यांचा चेहराच उतरला. आजपासून त्यांनी मुलं घेणं बंद केलंय. आणि ज्यांची मुलं होती ते आईबाप आपल्या दारात आले. "तुमची टाकी कधी काढणार?" एकीने विचारलं. तिच्या कडेवरचं पोर माझ्याकडे बघून हसत होतं. टाकी आमची नाही म्हणू? आहे ना आमची. तुझा दादा आत बसून सगळं ऐकत होता.

ते गेल्यावर मी त्याला म्हटलं, "मित्राला सांभाळायचं असेल तर सांभाळा. मी मास्तरांना घेऊन माझ्या बहिणीकडे जाते, मशीनसकट." तो म्हणाला, "चार दिवस थांब." कशासाठी ते सांगेना.

मला वाटतं त्या दोघांचं आपसात काहीतरी ठरलंय. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण असा तोंडाला कुलूप लावलेला माणूस मी याआधी बघितला नव्हता. चार दिवस थांबते. त्यापुढे नाही.

वहिनी


१९ मार्च

ढेकळा,

मला पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा सांभाळून घे. तुझ्या वहिनीने तुला माझ्याबद्दल काय लिहिलं असेल ते मला ठाऊक आहे. ती चूक नव्हती, मी तिला काही सांगितलंच नव्हतं.

मी पंपावर जात होतो ते त्याला बरोबर घ्यायला. म्हटलं, दोघं मिळून अर्ज देऊ, एकाच दिवशी दोघांची अंगणं उघडू. तू स्वतःहून उघडलंस तर लोक एवढं बोलणार नाहीत. पहिल्या दिवशी तो हसला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, त्याच्या टाक्या नव्या आहेत, त्याला काही माहीत नाही. मग एकदा डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, पंप बंद झाला तर पोरांची शिक्षणं कशी करू? मला दुसऱ्या दिवशी जायची हिंमत होईना, तरी गेलो. लहानपणापासून एका सायकलवर डबलसीट फिरलोय आम्ही. त्याच्या पाठीमागून अर्ज देणं मला जमत नव्हतं.

पाळणाघरातली आईबापं दारात आली त्या दिवशी मी आत बसलो होतो. एक मूल रडत होतं, आणि तुझी वहिनी एकटी उभी राहून माझ्या टाकीची उत्तरं देत होती. त्या संध्याकाळी मी त्याला सांगितलं, "सोमवारी अर्ज देतोय. तू ये, नाहीतर नको येऊ." तो म्हणाला, "तू तुझ्या बापाशी खोटं बोललास, ते सगळ्यांसमोर उघडं पडेल." मी म्हटलं, "पडू दे."

सोमवारी मी एकटाच गेलो.

अधिकारी आले, त्यांची माणसं आली. अंगणातली फरशी मी स्वतः उचलली. गल्ली जमली होती. मास्तर वरच्या खिडकीतून बघत होते. तुझ्या वहिनीला मी आत जा म्हटलं, ती गेली नाही. वाळू निघत गेली, आणि तिच्याखाली काळं, जाड पाणी. एकजण बाजूला होऊन ओकला. टाकीला तळाला बोटभर भोक होतं. म्हणजे मी समजत होतो ते खोटं नव्हतं. मी सगळ्यांसमोर सांगितलं की हे मी केलं, बाबांनी सांगितलं होतं तसं केलं नाही. मला वाटलं होतं हे बोलताना जमीन दुभंगून मला पोटात घेईल. जमीन आधीच दुभंगलेली होती. अधिकारी म्हणाले, "बरं, बाजूला व्हा, बाटल्या भरायच्यात."

टाकी बाहेर काढून अंगणात ठेवली तेव्हा तुझी वहिनी जवळ येऊन उभी राहिली. बराच वेळ बघून म्हणाली, "एवढीच?" मलाही तेच वाटलं. माझ्या डोक्यात ती घराएवढी होती.

मग ते पाइपाच्या बाजूने तू खणलेल्या जागी खणत रस्त्याकडे गेले. मी सांगायच्या आधीच त्यांना वास आला. पंपाच्या टाक्यांत हवा भरून दाब बघितला. दोन टिकल्या, तिसरीतला काटा सगळ्यांच्या देखत खाली आला. नवी असेल ती टाकी, पण जोड नीट बसवलेला नव्हता. दुपारी पंपाला सील लागलं. पाळणाघराखालून वाळू उपसायचं काम चालू आहे, अजून महिना तरी जाईल म्हणतात. आपलं तळघरही तोवर बंदच. मास्तरांचं डोकं आता दुखत नाही, उलट आमची खोलीच त्यांना आवडलीय, उजेड चांगला आहे म्हणतात. आम्ही बाहेरच झोपतो.

लोक काय बोलतात ते विचारू नकोस. काही माझ्याशी बोलत नाहीत, काही त्याच्याशी, काही दोघांशीही.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. काल त्याच्या पंपावरचं काँक्रीट फोडायला मोठं मशीन आलं. तो कडेला एकटा उभा होता, हात मागे बांधून. मी रस्ता ओलांडून त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. माझ्याकडे न बघता म्हणाला, "जा इथून." मी गेलो नाही. पुन्हा म्हणाला, मी तरी गेलो नाही. मग मशीन सुरू झालं आणि आम्ही तसेच उभे राहिलो. बोललो असतो तरी एकमेकांना ऐकू आलं नसतं.

हे पत्र तुझ्या वहिनीने वाचलेलं नाही. तिला मी सगळं तोंडाने सांगितलं.

तुझा,
दादा